रक्तदाब आणि रोजचं चालणं

बालाघाटाच्या डोंगराळ भागातल्या जळकोट तालुक्यात खरिपाच्या हंगामात अंग मोडेपर्यंत राबणं असतं. सोयाबीन निघालं, तूर खळ्यावर आली की पुढे उन्हाळ्यात बसणंच जास्त. रक्तदाबाला मात्र बारमाही हालचाल हवी.

भरभर चालताना स्नायूंना जास्त रक्त लागतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि हा परिणाम पुढे काही तास टिकतो. नियमित व्यायामाने रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा साधारण 5 ते 8 ने उतरू शकतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा ठेवा, की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. उन्हाळ्यात दिवस तापण्याआधीच चाला. जड ओझं उचलताना श्वास रोखू नका. त्याने दाब एकदम चढतो.

आकडा 180/110 च्या घरात असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा आणि उपचार घ्या. चालणं सुरू झालं म्हणून गोळी मनाने बंद करू नका. तिशी ओलांडली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्या. हा आजार बहुधा लक्षणं न दाखवताच वाढतो.