नऊ सीसीचा पुरावा

जुनी डिझेल इंडिका विकायला निघाली की मागच्या दारावरची अक्षरं वाचून इंजिन ठरवायची बाजारात रीत आहे. ही अक्षरं नखाने उचकटतात आणि डिंकाने चिकटतात, तेव्हा पुरावा म्हणून त्यांची किंमत शून्य. पुण्याची ही गाडी 1998 मध्ये आली आणि इंडिका, विस्टा या नावांखाली पुढे निदान तीन वेगळी डिझेल इंजिनं घेऊन धावली. त्यांतलं समोर कोणतं आहे, हे आरसीवरचा एक रुक्ष आकडा सांगतो: सीसी. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव मिळून तो ठरतो, त्यामुळे त्यात इंजिनाची मापंच लपलेली असतात. मूळ इंजिनाचं नाव 475 आयडीआय, म्हणजे चार सिलिंडर आणि 75 मिलिमीटर व्यास. (नाव ठेवणारा इंजिनिअरच असणार!) धाव 79.5 मिलिमीटर, गुणाकार केला की 1405 सीसी येतात. नंतरच्या कॉमन रेल इंजिनात व्यास तोच, धाव फक्त अर्धा मिलिमीटर कमी, म्हणून 1396. नऊ सीसींचा हा फरक गाडी चालवताना कळणार नाही, पण इंधन फवारण्याची पद्धत पार बदलली आहे. 1405 मध्ये यांत्रिक पंप सिलिंडरलगतच्या छोट्या कप्प्यात डिझेल सोडतो. 1396 मध्ये डिझेल एका सामाईक नळीत हजार बारहून अधिक दाबाने तयार असतं आणि संगणकाने हुकूम दिला की इंजेक्टर उघडतो. विस्टात जुन्या 1405 च्या जोडीला फियाटचं 1248 सीसीचं इंजिनही मिळे, व्यास 69.6, धाव 82.

आरसीत चूक असेल, किंवा इंजिनच बदललेलं असेल तर? शंका रास्त आहे. म्हणून कागदावरचा इंजिन क्रमांक ब्लॉकवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि मग इंजेक्टरकडे नजर टाकावी. कॉमन रेलच्या प्रत्येक इंजेक्टरला वायरचा प्लग असतो. जुन्या पद्धतीत तिथे पोलादी नळीच येते. ग्लो प्लगची वायर मात्र दोन्हीकडे दिसते, तिने फसू नये. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: 1248 सीसीचंच इंजिन स्विफ्टमध्ये वेगळ्या नावाने होतं आणि 75 व 90 अश्वशक्ती अशा दोन रूपांत ते निघालं. इथे सीसी खरोखर अपुरी पडते. फरक टर्बोत आहे, आणि तो ओळखायला जाणता मेकॅनिकच हवा. पण म्हणून आकडा निरुपयोगी होत नाही. 1248 ला टायमिंग चेन आहे आणि 1405 ला बेल्ट. बेल्ट तुटला की वाल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि सगळं हेड उघडावं लागतं. तेव्हा आरसीवर 1405 दिसलं, तर टायरना लाथ मारून बघण्याआधी शेवटचा बेल्ट किती किलोमीटरवर बदलला त्याची पावती मागा.