जुन्या शेडमध्ये लॉफ्ट फ्लॅट? आधी सातबारा उघडा, मग नकाशा



मागच्या आठवड्यात दुकानात एक जोडपं आलं. तो चाकणच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, ती घरून मसाले विकते. आळंदी-मरकळ रस्त्याजवळ एक बंद पडलेली फॅब्रिकेशनची शेड विकायला आहे. दहा गुंठे जागा, वर चार हजार फुटांचं बांधकाम. चार मित्रांनी मिळून ती घ्यायची, आत मधला मजला टाकायचा आणि आठ लॉफ्ट फ्लॅट काढून विकायचे, असा बेत. त्याने मोबाईलवर न्यूयॉर्कचे फोटो दाखवले. उंच छत, विटांच्या भिंती, लोखंडी जिना. भारी दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

"सर, गुरुवारी विसार द्यायचा आहे. बाबांचे निवृत्तीचे १८ लाख आहेत."

मी म्हटलं, आठ दिवस थांबा. का थांबा म्हटलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी हे लॉफ्ट प्रकरण. आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे स्वयंपाकघरातला माळा, जिथे दिवाळीचे डबे आणि जुनी सुटकेस असते. अमेरिकेत लॉफ्ट म्हणजे गोदामाचा किंवा कारखान्याचा मोठा मोकळा मजला. न्यूयॉर्कच्या सोहो भागातले कारखाने हलले, इमारती रिकाम्या पडल्या आणि १९६० च्या दशकात कलाकार तिथे स्वस्तात राहायला लागले. बेकायदाच राहत होते. १९७१ मध्ये शहराने कलाकारांना तिथे राहायची मुभा दिली आणि अशा लॉफ्टमध्ये राहणाऱ्या भाडेकरूंसाठी १९८२ मध्ये वेगळा कायदा आला. म्हणजे फोटोतल्या त्या सुंदर भिंतीमागे वापर बदलण्याची वर्षानुवर्षांची लढाई आहे. फोटोत ती दिसत नाही.

त्याच १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि शहराच्या मधोमध शेकडो एकर जागा अडकून राहिली. मग तिथे लॉफ्ट का नाही झाले? १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळणार होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेची राहिली. प्रकरण कोर्टात गेलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्याआधी २००५ मध्ये मुंबई टेक्स्टाईल मिलची साधारण १७ एकर जागा ७०२ कोटींना विकली गेली होती. २०१२ मध्ये तीच जागा २,७२७ कोटींना पुन्हा विकली गेली. आता विचार करा, या किमतीत जुन्या शेडची किंमत किती धरली असेल? शून्य. शेड पाडायचा खर्च धरला तर शून्याच्याही खाली.

जिथे जमीन महाग, तिथे शेड पाडून टॉवर होतात. जिथे शेड टिकली, तिथे बहुतेक ठिकाणी दुकानं, ऑफिसं, हॉटेलं आली. १९०५ च्या फिनिक्स मिलची चिमणी आजही मॉलच्या आवारात उभी आहे. लांब कशाला जाता, पुणे स्टेशनजवळच्या राजा बहादूर मिलमध्ये जुन्या बांधकामात रेस्टॉरंट्स चालतात. एकदा जाऊन बघा, हवं तर नुसता चहा प्या, पण छत आणि भिंती नीट बघा. घरं नाही केली त्यांनी.

याचं एक कारण साधं आहे. शेड साठ फूट खोल असेल तर मधल्या खोलीला खिडकी कुठून काढणार? जुन्या गिरण्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी असायची, उभ्या बाजूला काच, वरून उजेड यायचा. आपल्याकडच्या शेडवर सिमेंटचा पत्रा. वर मधला मजला टाकला की तो एफएसआयमध्ये धरला जाऊ शकतो. आठ संडास-बाथरूमचं ड्रेनेज, जिना, आग लागली तर बाहेर पडायचा मार्ग हे सगळं नव्याने करायचं. आगीचं मी उगाच घाबरवायला सांगत नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईच्या कमला मिल कंपाउंडमध्ये गच्चीवरच्या पबला आग लागून १४ माणसं गेली.

आता आपल्या भागाकडे येऊ. शेड एमआयडीसीच्या प्लॉटवर असेल तर जमीन बहुधा ९५ वर्षांच्या लीजवर असते आणि तीही उद्योगासाठी. विकणारा तुम्हाला जमिनीची मालकी देऊच शकत नाही, लीजचा हक्क देतो आणि त्यालाही एमआयडीसीची परवानगी लागते. तिथे फ्लॅटचा विषय डोक्यातून काढा.

खासगी जमीन असेल तर एनए आदेश उघडून वाचा. "एनए आहे" एवढं ऐकून खूश होऊ नका. औद्योगिक एनए वेगळा, रहिवासी एनए वेगळा. झोन दाखला काढा. आळंदीच्या हद्दीत असेल तर नगरपरिषद, बाहेर असेल तर पीएमआरडीए. डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीत औद्योगिक जागेचा रहिवासी वापर करायची वाट आहे, पण ती अटींची आहे. कारखाना बंद पडलेला असेल तर कामगारांची देणी चुकती झाल्याचा कामगार आयुक्तांचा दाखला लागतो. मालक म्हणतो, "कामगार केव्हाच गेले." गेले असतील हो, पण त्यांचे पैसे गेले का?

त्या जोडप्याला एजंटने सांगितलं होतं, "आठच फ्लॅट करा, रेरा लागत नाही." आठपर्यंत नोंदणी लागत नाही, हे खरं आहे. पण मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र लागतंच. ते नसेल तर घेणाऱ्याला बँक कर्ज देताना हात आखडते, आणि कर्ज नाही तर गिऱ्हाईक नाही. कॉन्डोमिनियम करायचं म्हटलं तरी १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याप्रमाणे घोषणापत्र नोंदवावं लागतं, इमारतीचे नकाशे जोडावे लागतात. नकाशाच औद्योगिक शेडचा असेल तर जोडणार काय?

हे मला एवढं कसं माहीत? ठेच खाऊन. २०१८ मध्ये आम्ही तिघांनी अशाच एका पावडर कोटिंगच्या शेडसाठी तीन लाख विसार दिला. नोटरी केलेला कागद होता, त्यामुळे मी निर्धास्त. बीबीए केलेला माणूस, दुकानात पाच रुपयांच्या स्क्रूचं बिल तपासतो आणि सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना वाचला नाही. त्यात बँकेचा बोजा होता, आणि वारसांमध्ये एका बहिणीचं नाव होतं जिची सही कुणी घेतलीच नव्हती. चौदा महिने फेऱ्या मारून दोन लाख परत आले. तिसरा लाख अजून यायचाय. घरी तो विषय मी काढत नाही.

मग शेडचं काहीच करू नये का? करा की. विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्या आणि गाळे पाडून द्या. आळंदीत मंगल कार्यालयं किती आहेत बघा. मंडपवाले, केटरर्सची भांडी, लायटिंगवाले, सगळ्यांना जागा हवी असते. समजा ४,००० फूट शेड महिना ६०,००० ला मिळाली. रस्ता आणि संडास सोडून ८०० फुटांचे चार गाळे निघाले आणि २६ रुपये फुटाने दिले, तर ८३,२०० येतात. हातात २३,२००. पण एक गाळा रिकामा राहिला की उरतात फक्त २,४००. दोन रिकामे राहिले तर खिशातून १८,४०० घाला. म्हणून दोन गाळ्यांची माणसं हातात असल्याशिवाय शेड घेऊ नका. पोटभाड्याला मालकाची परवानगी नोंदणीकृत करारात लिहून घ्या, आणि महावितरणची थकबाकी आधी तपासा, ती जागेबरोबर तुमच्या गळ्यात पडू शकते.

काल ते दोघं पुन्हा आले होते. गुरुवारी विसार दिला नाही. झोन दाखल्याच्या अर्जाची पावती दाखवली. १८ लाख अजून बाबांच्या एफडीतच आहेत. जाता जाता ताईंनी विचारलं, "सर, तसला आठशे फुटांचा एखादा गाळा मलाच मिळेल का? मसाल्याची गिरणी टाकायची आहे."

मी म्हटलं, थ्री फेज मीटर आहे का तिथे, ते आधी बघून येऊ.