घोड्याच्या रक्तातली एक पांढरी रेषा

अमेरिकेत घोडा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा, तर सोबत बहुतेक ठिकाणी ‘निगेटिव्ह कॉगिन्स’चा कागद लागतो. कॉगिन्स हे आडनाव आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या लिरॉय कॉगिन्स यांनी १९७० साली ही चाचणी मांडली.

ती शोधते इक्वाइन इन्फेक्शियस ॲनिमिया, म्हणजे ईआयए. त्याचा विषाणू एचआयव्हीच्या कुळातला. एकदा शिरला की जन्मभराचा मुक्काम. काही घोड्यांना ताप येतो, रक्त कमी होतं, पण कित्येक अगदी ठणठणीत दिसतात. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या तो पसरवतात, आणि एकच सुई दहा घोड्यांना टोचणारी माणसंही! बरं करणारं औषध नाही. त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, की घोड्याला मारायचं किंवा मरेपर्यंत इतर घोड्यांपासून लांब ठेवायचं, एवढंच उरतं.

एवढा मोठा निर्णय जिच्यावर ठरतो, ती चाचणी दिसायला अगदी साधी आहे. बशीत आगरचा थर, त्यात मधे एक खड्डा आणि भोवती सहा. मधल्या खड्ड्यात विषाणूचं एक प्रथिन. भोवती एकाआड एक, बाधित असल्याची खात्री असलेल्या घोड्याचं सिरम आणि तपासायच्या घोड्यांचं सिरम. सगळं आगरमधून हळूहळू झिरपतं. प्रथिन आणि अँटिबॉडी जिथे भेटतात तिथे पांढरी रेषा उमटते. साधारण २४ ते ४८ तासांनी बशी उजेडात धरून बघायची. शेजारच्या खात्रीच्या सिरमची रेषा आपल्या नमुन्याच्या रेषेला सलग जुळली, तर पॉझिटिव्ह. ती न वळता सरळ आपल्या खड्ड्याकडे गेली, तर निगेटिव्ह. आणि खड्ड्याजवळ येऊन नुसती किंचित आत वळली, तर? तोही पॉझिटिव्हच, फक्त क्षीण. खरी कसोटी इथे, वाचणाऱ्याच्या नजरेची.

पण ही रेषा विषाणूची नाही, अँटिबॉडीची आहे. लागण झाल्यावर अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात, कधी ४५ दिवससुद्धा. तोवर घोडा बाधित असूनही कागद निगेटिव्ह! उलट बाधित घोडीचं शिंगरू आईच्या चिकातून अँटिबॉडी पितं आणि स्वतःला लागण नसताना काही महिने पॉझिटिव्ह येतं. त्याला घाईने मारणं म्हणजे निव्वळ अन्याय. वेगळं ठेवून पुन्हा तपासायला हवं.

इन्फ्लुएंझाचं गणित वेगळं. २००८ मध्ये कटऱ्याच्या घोड्याखेचरांत एच३एन८ची साथ आली होती. तिथे पहिल्या काही दिवसांतच नाकातला स्वॅब घेऊन पीसीआरने विषाणूच पकडता येतो. उशीर झाला, तर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन अँटिबॉडी वाढल्या का ते बघतात.

ईआयएसाठी आता एलायझाही आहे. ती झटपट होते, जास्त संवेदनशील आहे, पण कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते. म्हणून पहिली चाळणी एलायझाची आणि शिक्कामोर्तब कॉगिन्सचं. आपल्याकडे अशा तपासण्यांचं मुख्य ठिकाण म्हणजे हरियाणातल्या हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. नवा घोडा आणलात, तर कागद निगेटिव्ह असला तरी त्याला दीड-दोन महिने वेगळा बांधा आणि मग परत रक्त तपासा. सुईसुद्धा त्याची वेगळी.