बाजारांतील चंचलतेचा प्रसार

एखादें कुटुंब आपली शिल्लक थोडी शेअरांत, थोडी रोख्यांत व थोडी सोन्यांत गुंतवितें, त्यामागें सर्व बाजार एकाच वेळीं बिघडणार नाहींत असा साधा विश्वास असतो. तो कितपत रास्त आहे हें पाहण्यासाठीं अर्थशास्त्रज्ञ एका बाजारांतील भावांची चंचलता दुसऱ्या बाजारांत किती पसरते याचें मापन करितात.

१९९० सालीं रॉबर्ट एंगल, ताकातोशी इतो व वेन-लिंग लिन यांनीं येन व डॉलर यांच्या विनिमयदराचा अभ्यास करितांना दोन उपमा योजिल्या. उष्णतेची लाट आज न्यूयॉर्कला असली तर उद्यांही न्यूयॉर्कलाच राहते. उल्कावर्षाव मात्र पृथ्वी फिरेल तसा एका शहरावरून दुसऱ्यावर येतो. त्यांचा पुरावा बव्हंशीं उल्कावर्षावाच्या बाजूनें पडला.

पुढें २००९ व २०१२ सालीं फ्रान्सिस डीबोल्ड व कामिल यिल्माझ यांनीं या प्रसाराचा निर्देशांक मांडला. त्याची कल्पना चाळीच्या दृष्टांतानें स्पष्ट होईल. चार बिऱ्हाडांची झोंप अवचित मोडते. त्यांत घरच्या मुलाच्या रडण्याचा वांटा किती व शेजारच्या गलबल्याचा किती, असा हिशेब करावा. त्याचप्रमाणें प्रत्येक बाजाराच्या चंचलतेचा अंदाज जेवढा चुकतो, त्या चुकीचा किती भाग इतर बाजारांतील धक्क्यांमुळें येतो, हें हा आंकडा शेंकडेवारीनें सांगतो.

अमेरिकेंतील शेअर, सरकारी रोखे, परकीय चलन व जिन्नस या चार बाजारांसाठीं, जानेवारी १९९९ ते जानेवारी २०१० या काळांत, तो शेंकडा १२.६ आला. भाव तितके पडले, किंवा संकटाची शक्यता तितकी होती, असा याचा अर्थ नव्हे. शिवाय हा साऱ्या काळाचा मिळून एकच आंकडा आहे. २०० दिवसांचा तुकडा पुढें सरकवीत तोच हिशेब केला, तेव्हां २००७-२००९ च्या अरिष्टांत तो शेंकडा ३० च्या बराच वर गेला. अर्थात् विभागणीचा आधार नेमका गरजेच्या वेळींच दुबळा झाला.

दुसरी सावधगिरी कारणाविषयींची आहे. एकाच बातमीनें दोन बाजार हालले तरी आंकड्यांत प्रसार दिसूं शकतो. कोणीं कोणास धक्का दिला हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. क्रिस्टिन फोर्ब्स व रोबेर्तो रिगोबॉन यांनीं २००२ सालीं दाखविलें कीं, बाजार खवळले असतां त्यांचें मूळ नातें तेंच राहूनही त्यांच्यांतील सहसंबंध वाढल्यासारखा भासतो. हा दोष काढून टाकल्यावर १९९७ च्या आशियाई संकटांतही सहसंबंध वाढल्याचा पुरावा जवळजवळ उरला नाहीं.

म्हणून असा आंकडा पुढें आला असतां तो कोणत्या काळाचा, कोणते बाजार धरून व किती दिवस पुढच्या अंदाजावरून काढला आहे, हें आधीं विचारावें. आणि शिल्लक वांटून ठेवणाऱ्यानें शांत वर्षांतील आंकड्यावर संकटाच्या दिवसांचा भरवसा ठेवूं नये.