धूर, बाष्प आणि अग्नी : डिझेल हीटरच्या बिघाडाचे निदान

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्या काही दिवसांतच एक डोंगर दाखविला जातो. त्या डोंगरावर धूर दिसत असतो आणि त्या धुरावरून तेथे अग्नी आहे असे अनुमान त्याने करावयाचे असते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ वाचलेल्या कोणासही हा डोंगर अपरिचित नाही. प्रस्तुत लेखात तोच धूर एका निराळ्या स्थळी पाहावयाचा आहे. युरोपातील थंड प्रदेशांत ज्यांस कॅम्पर व्हॅन म्हणतात अशा, आत बिछाना व चूल असलेल्या गाड्यांतून लोक हिवाळ्यातही प्रवास करितात. या गाड्यांच्या तळाशी डिझेलवर चालणारा एक लहानसा हीटर बसविलेला असतो. तो बंद पडला असता त्याचे कारण कसे शोधावे, हा या लेखाचा विषय होय. विषय यंत्रशाळेचा वाटला, तरी खुणेवरून कारणाकडे कसे जावे हा त्यातील मूळ प्रश्न भाषेच्या अभ्यासकास परका नाही.

या विचारास निमित्त घडले ते २०२३ च्या जानेवारीत. जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टच्या परिसरात एका स्नेह्यांच्या व्हॅनमध्ये मुक्काम असता मध्यरात्री हीटर बंद पडला. बाहेर पाणी गोठले होते. हीटर पेट घेत नाही असा संकेत पटलावर उमटला. ‘पेट घेत नाही, अर्थात पेटविणारा प्लग बिघडला,’ असा तर्क आम्ही केला व दुसऱ्या दिवशी नवा प्लग बसविला. रात्री तोच संकेत पुन्हा उमटला. आमची चूक कोठे झाली, हे समजण्यासाठी प्रथम यंत्राची रचना पाहिली पाहिजे.

१. यंत्राची रचना

या हीटरमध्ये हवेचे दोन प्रवाह असतात व ते एकमेकांत कधीही मिसळत नाहीत. पहिला प्रवाह बाहेरची हवा ज्वलनकक्षात आणतो आणि जळून गेलेला वायू नळीवाटे पुन्हा गाडीबाहेर सोडतो. दुसरा प्रवाह गाडीतील हवा घेऊन ती ज्वलनकक्षाभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवरून फिरवितो व तापवून परत आत सोडतो. इंधन पुरविण्याचे काम एक छोटा पंप करितो. तो टिक् टिक् असा आवाज करीत चालतो आणि प्रत्येक ठोक्यास डिझेलचा एक ठरावीक सूक्ष्म अंश पुढे ढकलतो. उष्णता अधिक हवी असल्यास ठोके जलद पडतात, कमी हवी असल्यास सावकाश. सुमारे दोन किलोवॉट शक्तीचा हीटर तासाला पाव लिटरच्या आतबाहेर डिझेल जाळतो.

पेट घेण्याचा क्रम निश्चित असतो. आधी पंखा मंद गतीने फिरू लागतो. मग आपल्याकडील मिस्त्री ज्यास हीटर प्लग म्हणतात तो प्लग तापून लाल होतो. त्यानंतर पंपाचे ठोके सुरू होतात, प्लगजवळच्या बारीक जाळीवर डिझेलची वाफ होते आणि ती पेट घेते. तपमान वाढल्याचे संवेदकाने कळविले म्हणजे प्लग बंद होतो व ज्वाला स्वतःच्या उष्णतेवर जळत राहते. ठरलेल्या अवधीत तपमान वाढले नाही, तर यंत्र पुन्हा एकदा प्रयत्न करिते व नंतर संकेत देऊन थांबते.

२. धुराचे तीन अर्थ

अग्नी आहे तेथे धूर असतोच असे नाही, हे नैयायिकांनी तापलेल्या लोखंडी गोळ्याच्या दृष्टांताने दाखविले आहे. गोळ्यात अग्नी आहे, परंतु धूर नाही. धुरासाठी ओल्या इंधनाचा संयोग लागतो, आणि या अटीस ते उपाधी म्हणतात. उत्तम चालणारा हीटर हा त्या लोखंडी गोळ्यासारखा होय. आत ज्वाला असते, पण नळीच्या तोंडाशी धूर जवळजवळ दिसत नाही.

दाट पांढरा धूर दिसल्यास त्याचा अर्थ याच्या अगदी उलट असतो. तो वस्तुतः धूर नव्हेच. न जळलेल्या डिझेलची ती वाफ होय, आणि तिचा उग्र दर्प डोळ्यांस झोंबतो. बाष्पास धूर समजून अग्नीचे अनुमान करणाऱ्याची चूक न्यायग्रंथांत सांगितली आहे. येथे तीच चूक घडण्याचा संभव असतो, कारण पांढरा लोट पाहून हीटर जोरात पेटला असे नवशिक्यास वाटते. प्रत्यक्षात इंधन पोहोचले आहे, पण ज्वाला नाही. अशा वेळी पुनःपुन्हा कळ दाबू नये, कारण प्रत्येक प्रयत्नागणिक ज्वलनकक्षात डिझेल साचत जाते व पुढे ते एकदम पेटते. कडक थंडीत दिसणारी, वास नसलेली व लगेच विरणारी विरळ पांढरी रेषा मात्र निराळी. ती ज्वलनातून निर्माण झालेल्या पाण्याची वाफ होय, तिची चिंता नको.

काळा धूर ज्वाला असल्याचे सांगतो, पण हवा कमी आहे किंवा इंधन अधिक आहे हेही सांगतो. हवा आत घेणारी नळी चिखलाने वा बर्फाने बुजली, धूर सोडणारी नळी काजळीने अरुंद झाली किंवा गाडी उंच डोंगरात गेली, म्हणजे असे घडते. समुद्रसपाटीपासून २,००० मीटर उंचीवर हवेची घनता जवळजवळ एक-पंचमांशाने कमी होते. पंपाचे ठोके मात्र तेवढेच इंधन देत राहतात.

३. संकेतांकांचा अर्थ

चार्ल्स सँडर्स पर्सच्या चिन्हविचारात धूर हे कारणाशी प्रत्यक्ष जोडलेले चिन्ह आहे, तर शब्द हे संकेताने ठरलेले चिन्ह आहे. हीटरच्या पटलावरील आकडे या दुसऱ्या वर्गातील होत. अनेक चिनी बनावटीच्या हीटरांवर दहा हा आकडा पेट न घेतल्याचा निदर्शक असतो, तर एबरश्पेशर या जर्मन कंपनीच्या एअरट्रॉनिक हीटरवर तोच आकडा विद्युद्दाब प्रमाणाबाहेर वाढल्याचे सांगतो आणि पेट न घेण्यासाठी तेथे बावन्न हा आकडा आहे. एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेच्या कोशात पाहणाऱ्याची जी गत होते, तीच एका यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या पुस्तिकेत पाहणाऱ्याची होते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आकडा कारण सांगत नाही. क्रमातील कोणती पायरी अपेक्षेप्रमाणे पार पडली नाही, एवढेच तो सांगतो. ‘पेट घेतला नाही’ हे वाक्य यंत्राच्या अंगी ‘ठरलेल्या अवधीत तपमान वाढले नाही’ एवढ्याच अर्थाचे असते. आमची चूक येथेच झाली होती. आम्ही वाक्यातील क्रियापदास दोषाचा कर्ता समजलो.

४. निदानाचा क्रम

शोध सोप्याकडून कठिणाकडे आणि बाहेरून आत न्यावा. त्याचे चार टप्पे होतात.

पहिला टप्पा विजेचा. प्लग तापत असता १२ व्होल्टच्या यंत्रास दहा अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. बॅटरी स्वस्थ असताना मोजलेला दाब म्हणून फसवा असतो. मोजमाप प्लग तापत असताना, आणि तेही बॅटरीजवळ नव्हे तर हीटरच्या जोडाशी, घ्यावे. आमच्या गाडीत बॅटरीपाशी १२.४ व्होल्ट दिसत होते, पण हीटरपाशी दहाच पोहोचत होते. फ्यूजच्या घरातील एक जोड गंजला होता. तो घासून स्वच्छ करताच हीटर पेटला. आम्ही काढून टाकलेला जुना प्लग निर्दोष होता.

दुसरा टप्पा इंधनाचा. ठोके ऐकू येतात काय ते पाहावे. येत असल्यास हीटरकडील नळी सोडवून ठरावीक ठोक्यांत किती डिझेल येते ते मापात धरावे. नळीत बुडबुडे दिसल्यास जोडांतून हवा शिरते आहे असे समजावे. पंप बसविताना त्याचे बाहेर सोडणारे तोंड वर असावे, म्हणजे बुडबुडे आत साचत नाहीत. थंडीत डिझेलमधील मेण गोठून गाळणी बुजते. जर्मनीत हिवाळ्यात विकले जाणारे डिझेल उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत गाळणीतून जाईल असे असावे लागते. दक्षिणेकडील उबदार देशात टाकी भरून उत्तरेस आलेल्या प्रवाशास मात्र हे संरक्षण मिळत नाही.

तिसरा टप्पा हवेचा. दोन्ही नळ्या टोकापासून टोकापर्यंत मोकळ्या आहेत की नाहीत ते तपासावे.

हे तिन्ही टप्पे निर्दोष ठरल्यानंतरच चौथ्यास हात घालावा, म्हणजे हीटर उघडून प्लगजवळची जाळी व ज्वलनकक्ष यांवरील काजळी पाहावी. हीटर दीर्घकाळ अगदी मंद चालविल्याने ही काजळी साचते. अधूनमधून तो काही वेळ पूर्ण शक्तीने चालविणे, हा त्यावरील उपाय. उघडलेले जोड पुन्हा बसविताना नवे गॅस्केट घालावे. तसेच हीटर बंद करावयाचा तो कळीनेच, बॅटरीची तार काढून नव्हे. कारण ज्वाला विझल्यावरही आतील उष्णता बाहेर काढण्यासाठी पंखा काही मिनिटे फिरणे आवश्यक असते.

५. जेथे खूण नाही

येथवर प्रत्येक दोषास काहीतरी खूण होती. परंतु सर्वांत घातक दोषास दृश्य खूण नाही. अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन, गंधहीन व चवहीन आहे, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनहून दोनशेपटींपेक्षा अधिक दृढतेने बांधला जातो. धूर सोडणाऱ्या नळीचा जोड ढिला झाला, किंवा गाडीखाली बर्फ साचून नळीचे तोंड बुजले, तर हा वायू निजलेल्या माणसांपर्यंत पोहोचू शकतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखीच दिसतात, आणि म्हणून त्यांचा अर्थ चुकीचा लावला जातो. अशा गाडीत या वायूची सूचना देणारे घंटायंत्र असलेच पाहिजे. ते वाजल्यास कारणाचा शोध मागाहून करावा, आधी सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे.

खूण दिसली म्हणून कारण कळले असे नव्हे, आणि खूण दिसली नाही म्हणून कारण नाही असेही नव्हे. शब्दाचा अर्थ लावताना आपण हा विवेक विद्यार्थ्यांस शिकवितो. थंडीच्या रात्री निर्दोष प्लग बदलीत बसलो असता त्याचा आम्हांस विसर पडला होता.