चिपची साखळी नेमकी कुठे नाजूक आहे?

चिपटंचाईचा विषय निघाला की बोलणे फिरून तैवानवर येते. तिथे युद्ध पेटले तर जगाचे काय, ही भीती अनाठायी नाही. सर्वांत प्रगत चिप्सपैकी सुमारे ९० टक्के त्या बेटावर बनतात आणि त्यातल्या बहुतेक टीएसएमसी या एकाच कंपनीत. पण यातून एक चुकीची समजूत पक्की होत चालली आहे: सगळी मेख तैवानमध्ये आहे, तेव्हा पैसा ओतून तसाच कारखाना दुसरीकडे उभारला की प्रश्न मिटला.

तैवानचा कारखाना तरी कुठे स्वयंपूर्ण आहे? सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, अतिसूक्ष्म नक्षी उमटवणारी त्याची यंत्रे नेदरलँड्समधल्या वेल्डहोवेनची एएसएमएल ही कंपनी पुरवते. प्रगत चिप्ससाठी तसे यंत्र विकणारी दुसरी कंपनी जगात नाही. यंत्राच्या आत वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला सुमारे ५०,००० या गतीने सोडले जातात. लेसरचा पहिला फटका थेंब चपटा करतो, दुसरा त्याचा प्लाझ्मा करतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवा शोषून घेते, काचही शोषून घेते. म्हणून सारे काम निर्वात पोकळीत चालते आणि भिंगांऐवजी आरसे वापरावे लागतात. आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेसर जर्मनीच्याच ट्रुम्फचा, प्रकाशस्रोताचे तंत्र कॅलिफोर्नियात घडलेले. चिनी कंपन्यांना पैशाची ददात नाही, तरी निर्यात परवाना न मिळाल्याने हे यंत्र त्यांच्या हाती पडलेले नाही. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून या उद्योगासाठी ५२ अब्ज डॉलर काढले. टीएसएमसीच्या ॲरिझोनातल्या कारखान्याची घोषणा त्याआधीची, मे २०२० मधली. पण तिथे उत्पादन सुरू व्हायला २०२४ ची अखेर उजाडली.

साखळी फक्त युद्धानेच तुटेल, हेही खरे नाही. जुलै २०१९ मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या अवघ्या तीन पदार्थांच्या निर्यातीचे नियम कडक केले आणि सॅमसंगसारख्या बलाढ्य कंपनीची धावपळ उडाली. २०२१ मध्ये तैवानमध्ये दुष्काळ पडला. चिप धुवायला अतिशुद्ध पाणी प्रचंड लागते. सरकारने हजारो हेक्टर शेतीचे सिंचन थांबवले आणि टीएसएमसीने टँकर लावले. शेताचे पाणी कारखान्याला गेले की गावात काय होते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. चिपच्या किमतीत ते भात न लावलेले शेत कुणी धरत नाही, आणि मला ते धरावेसे वाटते.

तिसरा गैरसमज आकड्यांचा. ‘३ नॅनोमीटर’ हे आता चिपच्या एका पिढीचे व्यापारी नाव आहे. तो आकडा त्या चिपमधल्या कुठल्याही एका भागाचे प्रत्यक्ष माप सांगत नाही. शिवाय आकडा जितका लहान तितकीच चिप महत्त्वाची, असे मानले तर २०२१ चे कोडे सुटत नाही. तेव्हा जगभरच्या मोटार कंपन्या अडल्या त्या मुख्यतः स्वस्त, जुन्या पद्धतीच्या चिप्ससाठी. मार्चमध्ये जपानमधल्या रेनेसास या चिप कंपनीच्या नाका कारखान्याला आग लागली आणि टंचाई आणखी चिघळली. सप्टेंबरातले उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल, असे आपल्याकडे मारुतीला जाहीर करावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या, पण चिनी मालकीच्या नेक्सपेरिया या चिप कंपनीच्या ताब्यावरून नेदरलँड्स आणि चीन यांच्यात वाद पेटला, तेव्हाही युरोपातले मोटार कारखाने साध्या डायोड-ट्रान्झिस्टरसाठी चिंतेत पडले.

म्हणूनच गुजरातमधल्या धोलेऱ्याच्या नियोजित चिप कारखान्याला ‘शिळे तंत्रज्ञान’ म्हणून नाक मुरडलेले पाहिले की वाईट वाटते. टाटा समूह तैवानच्या पीएसएमसीबरोबर तिथे २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या श्रेणीच्या चिप्स बनवणार आहे. गाड्या आणि घरगुती उपकरणे चालतात ती अशाच चिप्सवर. भारत शून्यातून सुरुवात करतोय, असेही नाही. मोहालीतल्या कारखान्यात १९८४ मध्ये चिप्स बनू लागल्या होत्या, टीएसएमसीच्या स्थापनेआधी तीन वर्षे. १९८९ च्या आगीत तो कारखाना जळाला आणि सावरण्यात मोलाची वर्षे गेली. धोलेऱ्याला प्रश्न जरूर विचारावेत, पण ते असे: अतिशुद्ध वायू आणि रसायने कोण पुरवणार, वर्षभराचे पाणी कुणाच्या वाट्यातून येणार, आणि यंत्र बंद पडले तर ते उघडून दुरुस्त करणारे किती तंत्रज्ञ इथे असतील?