दोना पावला आणि तिची शिळा

आमचं खंडाळा खंबाटकीच्या पायथ्याचं; गाण्यातलं नव्हे. गोव्याला जाणाऱ्या गाड्या दारावरून जातात आणि परतलेला प्रत्येक जण तीच गोष्ट सांगतो: व्हाइसरॉयची मुलगी दोना पावला, गास्पार डायस नावाच्या कोळ्यावर तिचं प्रेम, मग कड्यावरून उडी. ही उडी मला कधी पटली नाही.

मांडवी आणि जुवारीच्या मुखांमध्ये शिरलेलं दोना पावलाचं भूशिर म्हणजे पणजीची ऐटबाज बाजू. मिरामार, करंजाळेची वाळू, बंगले, इसवणाचं रवा फ्राय, तिसऱ्यांचं सुकं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पाण्यावर शिडाच्या फळ्या दिसू लागतात. फळीवरचा पोरगा शिडाची दांडी धरून मागे इतका कलतो की पाठ पाण्याला टेकते की काय वाटतं. वारा पडला की शीड आडवं, पोरगा पाण्यात. हे सगळं माहितीपत्रकांत असतंच. ते सोडून भूशिराच्या टोकाकडे, काबोकडे वळू.

काबोच्या टोकावर, आज राज्यपालांच्या निवासस्थानाच्या आवारात असलेल्या चॅपेलमध्ये बाईंच्या कबरीची शिळा आहे. दोना पावला अमराल आंतोनियु द सौतू मायोर, साल १६८२. नावातलं सौतू मायोर सासरचं. म्हणजे बाई लग्न झालेल्या, मातब्बर घरातल्या. आणि सतराव्या शतकातलं कॅथलिक चर्च जीव दिलेल्या बाईला आपल्या चॅपेलमध्ये मानाने पुरेल? माझ्या मते एवढ्यावरच गोष्ट निकालात निघते. पण शिळा पहाऱ्याआड आहे आणि गोष्ट दोना पावलाच्या बोटींच्या धक्क्यावर फुकट मिळते.

धक्क्याजवळच्या पांढऱ्या जोडपुतळ्याने तर कहर केला. जर्मन शिल्पकार इर्सा फॉन लाइस्टनर यांनी १९६९ मध्ये तो घडवला, नाव दिलं ‘इमेज ऑफ इंडिया’. गाईड मात्र बेधडक सांगतात, हीच ती दोघं. पुढे १९८१ मध्ये ‘एक दूजे के लिए’मुळे धक्का देशभर पोचला, मग तर इथे येणाऱ्यांना विरहाशिवाय काही नकोच.

आणि तो प्रियकर? गास्पार डायस हे मिरामारचंच जुनं नाव. तिथला त्याच नावाचा किल्ला पोर्तुगीजांनी बाईंच्या मृत्यूच्या कितीतरी आधी बांधला होता. नाव जागेवरून उचललं आणि कोळ्याला चिकटवलं, असा माझा तर्क.

त्या किल्ल्यात खरं रक्त सांडलं ते १८३५ मध्ये. बेर्नार्दु पेरिश द सिल्वा हा गोव्याचा पहिला गोमंतकीय प्रमुख; त्याला लष्कराने काही दिवसांतच हुसकावलं. मे महिन्यात त्याच्या बाजूच्या शिपायांना गास्पार डायसमध्ये कापून काढलं आणि किल्ला जाळला. मिरामारच्या भेळवाल्याला विचारलं, इथे किल्ला कुठे होता? तो म्हणाला, “किल्ला पलीकडे, रेइश मागुश. बोटीतून दिसतो.”